रोमन प्रांतिक नाण्यावरचं अक्षर लागत नाही? या क्रमाने तपासा

लक्षणं आधी सांगतो. यातलं एक जरी तुमच्या नाण्याला लागू पडलं तरी पुढचं वाचा.

– कडेने अक्षरं आहेत हे दिसतं, पण चार-पाचच लागतात. बाकीची झिजलेली, किंवा ठसा सरकल्यामुळे नाण्याबाहेर गेलेली.
– अक्षरं इंग्रजीसारखी वाटतात, पण जोडून वाचली की कुठल्याच भाषेतला शब्द होत नाही.
– सम्राटाचं नाव लागतं, पण त्या नावाचे तीन-चार सम्राट निघतात.
– गावाचं नाव लागल्यासारखं वाटतं, पण तशी सुरुवात असलेली दोन-तीन गावं आहेत.
– रोमच्या नाण्यांच्या यादीत कितीही शोधलं तरी हे चित्र सापडत नाही.

शेवटच्या लक्षणाचं कारण सोपं आहे. हे नाणं रोम शहरात पाडलेलंच नाही. इ.स.पू. ४४ पासून इ.स. २९६-९७ पर्यंत, मुख्यतः साम्राज्याच्या पूर्वेकडे, शेकडो शहरं आपापली नाणी पाडत होती. आजचे ग्रीस, बल्गेरिया, तुर्कस्तान, सीरिया, इजिप्त हा तो भाग. दर्शनी बाजूला बहुधा सम्राट, मागे गावचं दैवत आणि गावचं नाव. लेख, म्हणजे नाण्यावरचा मजकूर, बहुतेक ठिकाणी ग्रीक, आणि रोमन सैनिकांच्या वसाहती होत्या तिथे लॅटिन.

जर्मनीत, इंग्लंडमध्ये राहणारे मराठी मित्र तिथल्या नाणेबाजारात अशी नाणी घेतात आणि मला फोटो पाठवतात. कितीतरी वर्षं हे चाललंय, आणि अडतं ते जवळपास नेहमी एकाच जागी. दोन अक्षरं दिसली की तिसरं आपण मनाने भरतो. मग चौथं त्याला जुळवून घेतो. एकदा 'हे अमुक गाव' असं डोक्यात बसलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. म्हणून लेख शेवटी वाचायचा. त्याआधी बरंच काही फुकटात कळतं.

सगळ्यात आधी: घासणं थांबवा

तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून लख्ख करायची आपल्या हातांना सवय आहे. इथे चिंच नको, लिंबू नको, राख नको, ब्रशही नको. जमिनीत दीड-दोन हजार वर्षं राहिलेल्या काशाच्या नाण्यावर अक्षराची धार पुष्कळदा धातूत उरलेलीच नसते. ती वरच्या हिरव्या-तपकिरी थरात जपलेली असते. तो थर आंबटात विरघळला की त्याच्याबरोबर अक्षरही जातं, आणि खाली उरतो खरबरीत लालसर तुकडा. असं एक नाणं मी पाहिलंय. धुण्याआधीच्या फोटोत गावाची पाच अक्षरं स्पष्ट होती, नंतर एकही नाही. फार वाईट वाटलं. त्या गावची त्या सम्राटाची नाणी मुळातच मोजकी आहेत.

पहिली तपासणी: तिरपा उजेड (खर्च काही नाही)

वरून पडणारा उजेड अक्षरं पुसून टाकतो. खोलीतले दिवे बंद करा, नाणं काळ्या कापडावर ठेवा आणि मोबाइलची टॉर्च अगदी टेबलाला टेकवून एका बाजूने धरा. आता उजेड हलवू नका, नाणंच सावकाश फिरवा. घड्याळाचे बारा आकडे धरून बारा वेळा थांबा आणि दर वेळी एक फोटो घ्या.

याची गरज का, ते एका नाण्यावरून सांगतो. मागच्या बाजूला डावीकडे नुसती एक उभी काठी दिसत होती. ग्रीक आयोटा ('इ') म्हणावं अशी. नाणं फिरवत आठच्या आकड्यावर आणलं आणि त्या काठीच्या उजवीकडे केसाएवढ्या दोन सावल्या पडल्या, एक वर तिरकी, एक खाली तिरकी. ते अक्षर आयोटा नव्हतं, कॅपा ('क') होतं. नवाच्या आकड्यावर त्या सावल्या पुन्हा गायब. एकाच फोटोवर विसंबलो असतो तर गाव चुकलं असतं.

याच वेळी नाण्याच्या मधोमध लहानसा खळगा दिसला तर घाबरू नका. कुणी भोक पाडायचा प्रयत्न केलेला नाही. छाप मारण्याआधी चकती तयार करतानाचा तो मूळचा खळगा आहे. बाल्कन भागातल्या, आशिया मायनरमधल्या (आजचं तुर्कस्तान) आणि अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर तो नेहमी भेटतो, आणि नाणं प्रांतिक असल्याची ती एक चांगली खूण आहे.

दुसरी: हे रोमन आहे तरी का?

नाणं युरोपातून आलेलं नसून महाराष्ट्रातल्या किंवा गुजरातेतल्या जुन्या घरातलं असेल, चांदीचं असेल, व्यास १४ ते १६ मिलिमीटर आणि वजन दोन-सव्वादोन ग्रॅम असेल, चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं असतील, तर ते रोमन नाही. ते पश्चिमी क्षत्रपांचं आहे. हा घोळ वारंवार होतो. नहपान या क्षत्रप राजाच्या नाण्यांवर चेहऱ्याभोवतीची अक्षरं ग्रीक, पण भाषा प्राकृत: 'राजा क्षहरात नहपानाचं' असा मजकूर ग्रीक लिपीत लिहिलेला. मागे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. पुढच्या क्षत्रपांच्या काळात ग्रीक जाणणारं कुणी उरलं नाही, आणि ती अक्षरं नुसती नक्षी झाली. तिथे वाचण्यासारखं काही नसतंच, उगाच डोळे शिणवू नका. त्यांच्या मागच्या बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि चंद्रकोर असते. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या अशा तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. दोन छाप एकमेकांवर बसले की लेख लागणं आणखी कठीण होतं. त्या नाण्यांचा रस्ता वेगळा आहे, पुढच्या तपासण्या त्यांना लागू नाहीत.

तिसरी: वजन, व्यास, दिशा

सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा आणि व्हर्नियर कॅलिपर, दोन्ही मिळून काही शे रुपयांचं काम. वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये. शिवाय नाणं खालून वर न उलटता, पान उलटतात तसं बाजूने उलटून बघा, मागचं चित्र सरळ आहे की उलटं. हीच दिशा.

लेखाचा आणि वजनाचा काय संबंध, असं वाटेल. पण वजनाने अर्धी गावं गळतात. जाडजूड, जेमतेम २० मिलिमीटरचं, पण सात-आठ ग्रॅम भरणारं आणि दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असलेलं नाणं हातात आलं, की मी प्रथम तिसऱ्या शतकातलं अलेक्झांड्रिया बघतो. १८ ते २० मिलिमीटरचं, तीन-चार ग्रॅमचं पातळ नाणं आणि मागे तीन ध्वजदंड असतील तर बिथिनियातलं, म्हणजे आजच्या वायव्य तुर्कस्तानातलं निकाया. २६-२७ मिलिमीटरचं, दहा-बारा ग्रॅमचं आणि समोर एकमेकांकडे बघणारे दोन चेहरे असतील तर काळ्या समुद्राकडचं मार्कियानोपोलिस. हे अंदाज आहेत, निकाल नाहीत. पण शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं.

चौथी: लिपी ओळखा, आणि अक्षरं गटाने टिपा

आता कागद घ्या. अजून शब्द वाचायचा नाही, आकार टिपायचे.

ग्रीक आहे की लॅटिन? डब्ल्यूसारखा ओमेगा, मधे टिंब किंवा आडवी रेघ असलेला गोल थीटा, कमानीसारखा पाय, उभी रेघ आरपार गेलेला फाय, यांतलं एक जरी दिसलं तरी लेख ग्रीक. शेपटीचा आर, एफ, क्यू किंवा नागमोडी एस दिसला तर लॅटिन. बैलांची जोडी आणि नांगर धरलेला माणूस असं चित्र असेल तर अक्षर न बघताही लॅटिन धरून चाला. नवी वसाहत वसवताना हद्द नांगरायची रोमन रीत होती, तिचं ते चित्र आहे.

इंग्रजीची सवय इथे घात करते. ग्रीक लेखात 'पी' दिसला की तो 'र' आहे. 'एच' म्हणजे ए हा स्वर. 'सी' म्हणजे 'स'. 'एक्स' म्हणजे 'ख'. एवढं नीट पाठ केलं तरी निम्मे निरर्थक शब्द अर्थाला लागतात. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. मागे पानांच्या हारात मोठी 'एस' आणि 'सी' ही दोनच अक्षरं असतील तर ती लॅटिनच आहेत, पुढचा लेख ग्रीक असला तरी. ते सीरियातलं अँटिऑक.

झिजलेल्या नाण्यावर कुठली अक्षरं एकमेकांत मिसळतात हे ठरलेलं आहे. अल्फाची आडवी रेघ गेली की तो लॅम्ब्डा दिसतो, आणि लॅम्ब्डाच्या पायाशी मळ बसला की डेल्टा. हा त्रिकोणी गट. ओमिक्रॉन, थीटा, गोल पाठीचा एप्सिलॉन आणि सिग्मा हा गोल गट. ईटा, न्यू, पाय आणि म्यू हा दोन काठ्यांचा. मी टिपताना 'अल्फा' लिहीत नाही, 'त्रिकोणी' लिहितो. खात्री असेल तेव्हाच अक्षराचं नाव, आणि काहीच दिसत नसेल तिथे टिंब. जेवढी अक्षरं मावतील तेवढी टिंबं, अंतर मोजून. या सगळ्या पोस्टमधली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. चुकीचं अक्षर टिंबापेक्षा जास्त नुकसान करतं, कारण टिंब निदान शोध उघडा ठेवतं.

जोडाक्षरंही असतात. ईटा आणि न्यू एकाच काठीवर, ओमेगाला चिकटलेला न्यू, अशी जागा वाचवायला केलेली. देवनागरी वाचणाऱ्याला ती फार परकी वाटू नयेत.

पाचवी: मागच्या बाजूचं शेपूट

मागच्या बाजूला गावाचं नाव बहुधा नुसतं गाव म्हणून येत नाही, गावकऱ्यांचं म्हणून येतं. आपण 'कोल्हापूरकरांचं', 'सातारकरांचं' म्हणू तसं. 'एफेसिओन' म्हणजे एफेससकरांचं. म्हणून शेवटी ओमेगा आणि न्यू असतात. ते सापडले की तिथून उलट दिशेने मागे या. लेखाची सुरुवात सहसा डावीकडे खालून होते, पण शेपूट पकडून मागे येणं जास्त भरवशाचं.

दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे 'नेओकोरोन' हा शब्द. सम्राटपूजेच्या देवळाचा मान मिळालेली शहरं तो अभिमानाने लावत, आणि तोही ओमेगा-न्यूवरच संपतो. एफेसस, पर्गामॉन, स्मिर्ना या मोठ्या शहरांत तो हमखास असतो. त्याच्या आगेमागे एकटा बीटा किंवा गॅमा असेल तर मान दोनदा, तीनदा मिळाला असा अर्थ. गाव त्याच्या अलीकडे शोधायचं.

दुसरा सापळा सारख्या नावांचा. 'निक' एवढीच अक्षरं दिसली की लोक थांबतात आणि एक नाव निवडून टाकतात. निकाया, निकोमेडिया, निकोपोलिस, तिन्हींची सुरुवात तीच. चौथं अक्षर त्रिकोणी आहे की गोल? त्रिकोणी असेल तर निकाया. गोल असेल तर पाचवं बघा: म्यू असेल तर निकोमेडिया, पाय असेल तर निकोपोलिस. आणि म्यू-पाय तर एकाच काठ्यांच्या गटातले! म्हणून तेवढ्या एका अक्षरासाठी नाणं तिरप्या उजेडात पुन्हा फिरवायचं. निकोपोलिसही एक नाही. पुढे 'प्रोस इस्त्रोन' असेल तर डॅन्यूबकडचं. नेस्टोस नदीवरचं वेगळं.

निकायाच्या तीन ध्वजदंडांच्या नाण्यावर लोक कडेने अक्षरं शोधत बसतात आणि कोरं आहे म्हणतात. ती दंडांच्या मधल्या फटींत आणि खालच्या आडव्या रेषेखाली विखुरलेली असतात. एकदा सापडली की मुंबईच्या लोकलच्या फलाटावरच्या पाटीसारखी ठळक दिसतात.

सहावी: सम्राट कोणता

दर्शनी बाजूचे सुरुवातीचे शब्द बिरुदं आहेत. अल्फा-उप्सिलॉन-टाउ म्हणजे ऑटोक्राटोर, लॅटिनमधला इम्पेरातोर. कॅपा किंवा कॅपा-अल्फा-आयोटा म्हणजे कैसार. शेवटी सिग्मा-एप्सिलॉन-बीटा म्हणजे सेबास्तोस, ऑगस्टस. ही तीन बाजूला काढली की उरतं ते नाव.

आणि इथे सगळ्यात मोठा घोळ: 'अँटोनिनोस'. मार्कस ऑरेलियस (१६१–१८०), काराकाला (१९८–२१७) आणि एलागाबालस (२१८–२२२), तिघांच्याही नाण्यांवर मार्कस ऑरेलियस अँटोनिनस हेच नाव येतं. नाव अगदी स्पष्ट लागलं तरी माणूस ठरत नाही. मग चेहरा बघायचा. भरघोस कुरळी दाढी असेल तर मार्कस. आखूड दाढी, कपाळाला आठी, जाड मान असेल तर मोठेपणीचा काराकाला. दाढी नसलेला कोवळा मुलगा असेल तर एलागाबालस, किंवा लहानपणीचा काराकाला. हे शेवटचं दोघांतलं कोडं चेहऱ्यावरून सुटत नाही.

माझ्याकडे मार्कियानोपोलिसचं एक नाणं होतं. विक्रेत्याच्या पाकिटावर 'काराकाला' लिहिलेलं, मीही तेच धरून ठेवलं. मागे मोठ्या शहरनावाच्या आधी लेखाचा तुकडा होता, पण तो वाचायचे कष्ट मी घेतले नव्हते. पुढे एका संध्याकाळी वर सांगितलं तसं बारा दिशांनी फिरवलं आणि पाच अक्षरं लागली: सिग्मा, एप्सिलॉन, लॅम्ब्डा, एप्सिलॉन, उप्सिलॉन. सेलेउ… म्हणजे सेल्यूकस. ज्युलियस अँटोनियस सेल्यूकस हा खालच्या मोएशिया प्रांताचा (आजच्या बल्गेरियाकडचा भाग) सुभेदार, एलागाबालसच्या काळातला. काराकालाच्या शेवटच्या वर्षांत तिथे क्विंतिलियानस होता. सम्राट बदलला तो दर्शनी बाजूने नाही, मागच्या सुभेदाराने बदलला.

म्हणून छोटे शब्द सोडू नका. उप्सिलॉन-पाय म्हणजे 'अमक्याच्या अमलाखाली'. 'एपि' म्हणजे 'अमक्याच्या कारकिर्दीत', त्यापुढे गावचा अधिकारी. एकटी अक्षरं बऱ्याचदा आकडे असतात: अल्फा १, बीटा २, गॅमा ३, डेल्टा ४, एप्सिलॉन ५. मार्कियानोपोलिसला मोकळ्या जागेतला एप्सिलॉन म्हणजे पाच अस्सारियांचं नाणं (अस्सारियॉन हे तिथलं छोटं चलन). अलेक्झांड्रियात इंग्रजी एलसारख्या खुणेपुढचं अक्षर म्हणजे राज्याचं वर्ष, आणि तिथलं वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू व्हायचं.

समोर सम्राटच नसेल तर? तसंही असतं. 'हिएरा सिंक्लेतोस' म्हणजे पवित्र सिनेट, 'देमोस' म्हणजे जनता. सम्राटाच्या नावासाठी तिथे झटू नका.

आणि सगळं नाणं चांगलं असताना नेमकं एकच नाव सपाट असेल, तर ती झीज नव्हे. २११ च्या डिसेंबरात काराकालाने धाकट्या भावाला, गेटाला मारवलं आणि त्याचं नाव सगळीकडून पुसायचा हुकूम सुटला. कॅरियातल्या (आजचं नैऋत्य तुर्कस्तान) स्ट्राटोनिकेइआ गावच्या नाण्यांवर गेटाचा चेहरा मुद्दाम खरवडलेला आढळतो. तिथे न दिसणारं अक्षरच उत्तर असतं.

सातवी: आता यादीत शोधा

ऑक्सफर्डची 'रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज' ही ऑनलाइन यादी मोफत आहे. थ्रेस, खालचं मोएशिया, मिसिया, ट्रोआस या भागांसाठी 'कॉर्पस नुमोरम'ही. पूर्ण लेख टाकू नका. खात्रीची तीन-चार लागोपाठ अक्षरं, मागचं चित्र आणि व्यास, एवढंच. मिळालेल्या प्रत्येक नोंदीशी तुमची टिंबं जुळतात का ते बघा. एक खात्रीचं अक्षर जरी आडवं आलं तरी ती नोंद सोडा, बाकी कितीही शोभत असलं तरी.

मागची बाजू अजिबात लागत नसेल तर दर्शनी ठसा ताडून बघा. आशिया मायनरमध्ये एकच कारागीरखाना अनेक शहरांना ठसे पुरवायचा, त्यामुळे सम्राटाचा तोच ठसा वेगवेगळ्या गावांच्या नाण्यांवर सापडतो, हे कोनराड क्राफ्ट यांनी १९७२ साली दाखवलं. हाराच्या फितीचं टोक कुठल्या अक्षराला लागतं, नाकासमोर कुठलं अक्षर येतं, असं जुळवत जायचं. याला दिवस लागतात. पण गाव नाही तरी परिसर हाती येतो.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

मळ निघाल्याशिवाय पुढे जाता येत नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवणं, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलणं, एवढंच घरी करा. सुई, ब्लेड, रसायन हातात घ्यायची वेळ आली की ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाचं.

फिकट हिरवी, भुरभुरीत पूड दिसली आणि पुसल्यावर पुन्हा आली तर तो काशाचा रोग. क्लोराइडचे क्षार दमटपणात धातू खात जातात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे झपाट्याने होतं. नाणं इतरांपासून लगेच वेगळं करा, सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. वाचन नंतर.

अक्षरं बाकी नाण्याच्या मानाने फारच टोकदार असतील, त्यांच्याभोवतीची जमीन खरवडल्यासारखी सपाट असेल, तर कुणीतरी ती नव्याने कोरलेली असू शकतात. कडेला जोडाची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे, साबणासारखी बोथट अक्षरं असतील तर ओतीव नक्कल असेल. दोन्ही शंका फोटोवरून मिटत नाहीत. नाणं प्रत्यक्ष दाखवावं लागतं.

कायद्याचा प्रश्न असेल तर नाणं वाचत बसूच नका. भारतात जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष आहे, ते देशाबाहेर नेता येत नाही. इंग्लंडमध्ये शेतात सापडलं तर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवा. आणि तुर्कस्तानच्या सहलीत एफेससच्या अवशेषांपाशी कुणी हातावर नाणं ठेवलं तर घेऊ नका. खरं असेल तर ते देशाबाहेर नेणं गुन्हा, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतंच.

जाणकाराला पाठवताना दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले प्रत्येकी चार फोटो, कडेचा एक, वजन, व्यास, दिशा आणि टिंबांसकट तुमचं टिपण द्या. विक्रेत्याच्या पाकिटावर काय लिहिलं होतं ते मात्र आधी सांगू नका. त्यांना कोऱ्या डोळ्यांनी बघू द्या.